लवकरच सेवेत

नाशिकला अंबडच्या कारखान्यात मला नोकरी लागली ती मराठी टंकलेखनाच्या परीक्षेवर. नव्वदचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. मराठी घेऊन बी.ए. झाले होते, पण मुलाखतीत त्याबद्दल कुणी विचारलं नाही. टाइपरायटर समोर ठेवला, हाताने लिहिलेली एक सूचना दिली आणि टाइप करा म्हणाले. सूचनेत दोन शब्द चुकलेले होते. मी ते न विचारता दुरुस्त केले. पर्सोनेलच्या साहेबांनी कागद वाचला, पुन्हा मूळ सूचना बघितली आणि म्हणाले, "सोमवारपासून या."

माझं माहेर मखमलाबादकडचं. वडील भाजी आणि शेवंती लावायचे, मार्केटला न्यायचे. ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणारी घरातली मी पहिलीच. लग्नानंतर शहरातल्या द्वारका चौकाजवळ राहायला आले. साडेसातला चौकात कंपनीची बस यायची, तिच्यात चढायचं आणि आठच्या आत कार्ड पंच करायचं. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग आमच्याकडे बनायचे. ओळीने प्रेस मशिनं होती, आणि त्यांचा दणका ऑफिसातल्या टेबलापर्यंत पोचायचा. पहिले काही महिने घरी गेल्यावरही तो अंगात राहायचा. मग सवय झाली.

शॉप फ्लोअरच्या दाराशी मोठा काळा फळा होता. रोज सकाळी तो लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं शुद्धलेखन बरं होतं. कुठलं मशीन चालू, कुठलं बंद, किती माल नापास, कोण गैरहजर. एखादं मशीन दुरुस्तीला काढलं असेल तर त्याच्यापुढे लिहायचं, 'दुरुस्ती चालू. मशीन सुरू करू नये.' हे शब्द कुणी ठरवले ते मला माहीत नव्हतं. माझ्या आधीपासून चालत आलेले होते.

शिवाय मेंटेनन्सवाल्यांकडे लाल रंगाच्या पत्र्याच्या पाट्या असायच्या. 'आत काम चालू आहे' असं पांढऱ्या अक्षरांत. मशीनमध्ये हात घालण्याआधी फिटर ती पाटी बटणांवर अडकवायचा आणि काम झालं की स्वतः काढायचा. या पाट्या तिथल्या एका फिटरने स्वतः रंगवलेल्या होत्या. तो देवळा तालुक्यातला, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. अक्षर इतकं सुरेख की कंपनीतल्या सत्यनारायणाची आमंत्रणंही त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. दुरुस्तीचे अहवाल टाइप करायला तो माझ्याकडे यायचा. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला ताई. बोलणं फार व्हायचं नाही. टाइप झालेला कागद तो उभ्यानेच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि एखादी वेलांटी चुकली असेल तर बोट ठेवून दाखवायचा. ऑफिसात माझ्या चुका काढणारा तेवढा एकच माणूस होता.

दोन हजार साल उलटल्यावर कॉम्प्युटर आले आणि फळा गेला. शॉप फ्लोअरच्या खांबांवर तीन मोठे टीव्ही बसवले. लाइनच्या टोकाला एक कॉम्प्युटर होता, तिथे सुपरवायझरने एक आकडा दाबला की त्या मशीनच्या रांगेत ठरलेले शब्द उमटायचे. याला डॅशबोर्ड म्हणायचं असं सांगण्यात आलं. आम्हाला डॅशबोर्ड म्हणजे जीपमध्ये स्टिअरिंगपुढे असतो तो, एवढंच माहीत. कामगार त्याला फळाच म्हणत राहिले. फळ्यावरचे शब्द मीच कॉम्प्युटरमध्ये घातले, जसेच्या तसे. दुरुस्तीची ओळ लाल रंगात यायची. लांबूनही दिसायची.

काही वर्षं असं चाललं. मग कंपनीत मुंबईच्या लोकांनी मोठा हिस्सा घेतला. नवं बोधचिन्ह आलं. गेटपासून कॅन्टीनच्या कपापर्यंत सगळं निळं आणि हिरवं झालं. आमचे जुने साहेब निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी नवे आले. एके दिवशी त्यांनी आम्हाला मीटिंगला बोलावलं. मुंबईच्या जाहिरात कंपनीतल्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांच्या हातात एकेक गुळगुळीत पुस्तिका दिली. कंपनी जगाशी कशी बोलते ते त्यात लिहिलं होतं. कंपनीचा स्वर आपुलकीचा, आशेचा, पुढे बघणारा. 'नाही', 'नये', 'बंद', 'चूक', 'धोका', 'नापास' असे शब्द टाळायचे. लाल रंग टाळायचा.

"हे फक्त ग्राहकांसाठी नाही," मॅडम म्हणाल्या. "कंपनी आत जशी बोलते तशीच बाहेर बोलते. म्हणून तुमचा डॅशबोर्डसुद्धा याच भाषेत हवा."

त्यांनी मराठी शब्दांची एक यादी करून आणली होती. मुंबईत कुणाकडून तरी इंग्रजीवरून उतरवून घेतलेली. मी ती चाळली. 'गैरहजर'च्या जागी लिहिलं होतं, 'आज आपल्यात नाहीत'.

मी हात वर केला. मीटिंगमध्ये मी कधी बोलत नसे. म्हटलं, "मॅडम, हे मेलेल्या माणसाबद्दल म्हणतात."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. साहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "मग तुम्ही काय लिहाल?" त्यांनी विचारलं.

"आज रजेवर," मी म्हटलं. "किंवा आज घरी."

मीटिंग संपताना साहेबांनी सांगितलं की ही यादी राहू द्या, मराठीचं सगळं काम या मॅडम करतील. या मॅडम म्हणजे मी. इतक्या वर्षांत मला तिथे मॅडम कुणी म्हटलं नव्हतं.

हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे माझ्यावर जबरदस्ती झाली, वरून आलेले शब्द मी निमूटपणे टाइप केले, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं घडलं नाही. मला ते काम आवडलं. बी.ए.ला शिकलेलं कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं, आणि आता मुंबईहून फोन यायचा, "तुम्हाला काय वाटतं?" बसमध्ये बसले की मी शब्द जुळवत असायचे. वहीत दोन रकाने आखले, डावीकडे जुना शब्द, उजवीकडे नवा. 'नापास माल'चा 'पुन्हा संधी' झाला. 'बंद'चं 'विश्रांती'. 'अपघात'च्या चौकोनाऐवजी 'सुरक्षित दिवस' आला आणि पुढे आकडा. घरी यजमानांना वाचून दाखवायचे. ते म्हणायचे, "छान आहे की."

अडलं ते दुरुस्तीच्या ओळीपाशी. त्या चौकोनात वीस-बावीस अक्षरंच मावायची. जुनं वाक्य दोन ओळींत बसवलेलं होतं, नव्या आराखड्यात एकच ओळ होती. 'नये' चालत नव्हतं, 'दुरुस्ती'मध्ये काहीतरी बिघडल्याचा वास येतो असं मॅडमचं म्हणणं. मी आठ दिवस त्यावर घालवले. एका सकाळी द्वारकेला बसची वाट बघत उभी होते. समोर एका दुकानाचं फर्निचरचं काम चाललं होतं. अर्ध्या ओढलेल्या शटरवर कापडी फलक होता, 'लवकरच आपल्या सेवेत'. आतून रंध्याचा आवाज येत होता. मला वाटलं, हेच की. आत काम चाललं आहे, पण सांगणारा किती प्रसन्नपणे सांगतो. बसमध्ये चढता चढता मी वहीत लिहिलं, 'लवकरच सेवेत'.

मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी साहेबांना वेगळा फोन करून सांगितलं.

यादी पक्की होण्याआधी शॉप फ्लोअरवरच्या एक-दोघांना दाखवावी असं मला वाटलं, म्हणून मी ती देवळ्याच्या फिटरला दिली. त्याने नेहमीसारखी उभ्याने वाचली. 'पुन्हा संधी'ला हसला. दुरुस्तीच्या ओळीवर आला आणि तिथेच थांबला.

"ताई, हे कशाला?"

"मशीन दुरुस्तीला असेल तेव्हा."

"आसं व्हय." त्याने पुन्हा वाचलं. "पन हे वाचून मला कळत नाय, मशीन चालू करायची का नाय करायची."

"चालू करायची नाही. लवकरच होणार आहे असं म्हटलंय ना, म्हणजे अजून झालेली नाही."

"तुमी सांगितलं म्हनून कळलं. लांबून बघनाऱ्याला कोन सांगल?" त्याने कागद परत दिला. "जुनं काय वाईट व्हतं?"

मी साहेबांना सांगितलं, हे खरं आहे. पण कसं सांगितलं तेही आठवतं. केबिनच्या दारात उभी राहून, हातात दुसरीच फाइल असताना. म्हटलं, मेंटेनन्सवाले म्हणतात की एक ओळ जरा स्पष्ट हवी. साहेब म्हणाले, "त्यांना सवय नाही अजून. आपण ट्रेनिंग देऊ." मी बरं म्हणून निघून आले. एकदा म्हटलं आणि सोडून दिलं. ती ओळ माझी होती, मुंबईत वाखाणलेली होती. ती बदलली जावी असं मलाच मनातून वाटत नव्हतं.

ट्रेनिंग झालं. जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं, कॅन्टीनमध्ये. मीच उभी राहून नवे शब्द वाचून दाखवले आणि त्यांचा अर्थ सांगितला. लोक जेवत होते.

पुस्तिकेत आणखी एक गोष्ट होती. हाताने लिहिलेल्या पाट्या, कागद, फलक कुठेही दिसू नयेत. जे सांगायचं ते एकाच ठिकाणाहून, एकाच स्वरात. त्याप्रमाणे एका शनिवारी सगळ्या गोळा केल्या. नोटीस बोर्डवरचे कागद, कॅन्टीनमधली 'ताटात अन्न टाकू नका', आणि त्या लाल पाट्या. पाट्यांची पेटी स्टोअरमध्ये गेली. पोच माझ्याकडे आली आणि मी ती फाइलला लावली.

सोमवारी नवी स्क्रीन सुरू झाली. निळ्यावर पांढरी अक्षरं. खरोखर सुंदर दिसत होती.

दुपारी तीनला पाळी बदलायची. पहिल्या पाळीचे लोक हात धुऊन निघायचे, दुसऱ्या पाळीचे आत यायचे, आणि दहा-पंधरा मिनिटं दोन्हींची सरमिसळ असायची. नवी स्क्रीन सुरू होऊन तीनेक महिने झाले असतील. त्या दुपारी मी हजेरीचा तक्ता करत बसले होते. एकाएकी प्रेसचे दणके थांबले. पाळी बदलताना एखाद-दुसरं मशीन थांबतंच, पण सगळी एकदम थांबत नाहीत. ती शांतता मला आधी कानाला नाही, टेबलावर ठेवलेल्या हाताला जाणवली. मग कुणीतरी धावत गेलं. मीही उठून गेले.

एका प्रेसभोवती लोक जमले होते. मला काही दिसलं नाही, दिसू दिलं नाही. देवळ्याच्या फिटरला चादरीत घालून बाहेर नेत होते. तो शुद्धीवर होता. चेहरा राखेसारखा झाला होता, आणि तो ओरडत नव्हता, फक्त "हळू, हळू" म्हणत होता, जणू दुसऱ्याच कुणाला नेत आहेत.

दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर खाली फरशीवर बसला होता. चाळिशीचा माणूस, महिन्यापूर्वी आमच्या दुसऱ्या कारखान्यातून बदलून आलेला. माझ्या ट्रेनिंगला तो नव्हता. तो समोर येईल त्याला सांगत होता, "निळं होतं. लवकरच सेवेत लिहिलं होतं. मला वाटलं काम झालंय, आता सुरू करायचंय. मागे कुणी दिसलं नाही मला."

फिटर प्रेसच्या मागच्या बाजूने आत हात घालून बसला होता. मेन स्विचला लावायचं कुलूप त्या पॅनेलवर काही आठवड्यांपासून बसत नव्हतं. तसं त्याने लिहून दिलं होतं. पाटी नव्हती. स्क्रीन होती.

मी वर बघितलं. त्या मशीनच्या रांगेत माझे शब्द तसेच होते.

उजव्या हाताची चार बोटं गेली, अर्धा तळवा गेला. अंगठा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे स्क्रीनकडे बघत उभे होते. 'सुरक्षित दिवस'च्या पुढचा आकडा एकाने वाढला होता. तो कॉम्प्युटर आपोआप वाढवायचा. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "चौकशी पूर्ण होईपर्यंत काही बदलू नका." मग म्हणाले, "आणि लोकांसाठी एक छोटा संदेश लिहा. घाबरवणारा नको. आपल्या स्वरात."

मी लिहिला. 'आपले एक सहकारी काही काळ विश्रांती घेत आहेत. त्यांना आपल्या सर्वांच्या शुभेच्छा.' तिन्ही टीव्हींवर तो दिवसभर फिरत राहिला. आमच्या स्क्रीनवर 'विश्रांती' हा शब्द बंद मशीनसाठी वापरायचा, हे माझ्या ध्यानात आलं ते जेवणाच्या सुट्टीत. एक कामगार दुसऱ्याला ते दाखवत होता. दोघंही हसत नव्हते.

तीन दिवसांनी निरोप आला की सरकारी कारखाना निरीक्षक येणार आहेत. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि बसायला सांगितलं.

"जुने शब्द तुमच्याकडे आहेत ना?"

"आहेत."

"दुरुस्तीची ओळ जुनी टाका. लाल रंगात. आत्ताच. पाट्या स्टोअरमधून काढायला सांगितल्यात मी."

"साहेब, पण त्या दिवशी तर..."

"मॅडम," ते अगदी शांतपणे म्हणाले, "ते शब्द तुमचे आहेत. मला तुमच्यावर काही येऊ द्यायचं नाही."

मी टेबलाशी आले, तो चौकोन दोन ओळींचा केला आणि जुनं वाक्य टाइप केलं. पाच मिनिटांचंही काम नव्हतं.

निरीक्षक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी प्रेस बघितली, पॅनेल बघितलं, कुलपाबद्दल विचारलं. कुणीतरी नवं कुलूप लावून ठेवलं होतं. मग ते टीव्हीसमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हे कोण बघतं. साहेबांनी मला पुढे केलं.

"हे शब्द कधीपासून आहेत, बाई?"

मी म्हटलं, "आधीपासून आहेत साहेब. मी नोकरीला लागले तेव्हापासून हेच."

ते तसं खरंही होतं. मी नोकरीला लागले तेव्हा हेच शब्द होते. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं उभी होती आणि त्यातल्या प्रत्येकाला मी काय करते आहे ते कळत होतं. कुणीच काही बोललं नाही. निरीक्षकांनी वहीत लिहून घेतलं. माझ्या पाठीमागे एक जण खोकला, तेवढंच.

ऑपरेटर महिन्याभरात नोकरी सोडून गेला. कुठे गेला मला माहीत नाही.

दवाखान्यात मी एकदाच गेले, चार बायकांबरोबर. फिटरची बायको दाराशी बसली होती. आम्ही आणलेली मोसंबी तिने पिशवीत ठेवली आणि आम्हाला बसायला जागा करून दिली. तो झोपला होता, किंवा डोळे मिटून पडला होता. मला बरंच वाटलं.

पाच-सहा महिन्यांनी तो कामावर परतला, पण मेंटेनन्सला नाही. कंपनीने त्याला गेटवर बसवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायला. त्यासाठी त्याच्याकडून एक कागद लिहून घेतला होता. सुरक्षेचे नियम माहीत असूनही मी ते पाळले नाहीत, झालेला प्रकार माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, कंपनीबद्दल माझी तक्रार नाही. तो कागद मीच टाइप केला होता. त्यावर त्याची डाव्या हाताची सही होती, लहान मुलाने पाटीवर काढावी तशी.

आता रोज सकाळी बसमधून उतरलं की तो दिसायचा. डाव्या हाताने रजिस्टर लिहायचा. अक्षरं वेडीवाकडी यायची, पण एकही वेलांटी चुकलेली नसायची. "या ताई," म्हणायचा. मी मान हलवून आत जायचे. उजवा हात तो टेबलाखाली ठेवायचा.

माझ्याकडे यादीचा मूळ कागद होता. दोन रकाने, माझं अक्षर, खाली साहेबांची सही आणि मंजुरीचा शेरा. ऑफिसातली प्रत अपघातानंतर फाइलमधून नाहीशी झाली, पण ही माझ्या वहीत राहिली होती आणि वही घरी होती. हा कागद निरीक्षकांच्या ऑफिसात दिला तर काय होईल, याचा मी जवळजवळ वर्षभर विचार केला. यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "नोकरी जाईल." थोड्या वेळाने म्हणाले, "तुला वाटत असेल तर दे." त्यांनी निर्णय माझ्यावर सोडला, याचाच मला राग आला.

शेवटी एका दुपारी मी तो कागद पर्समध्ये घालून गेटवर गेले. जेवणाची वेळ होती. तो एकटाच डबा खात होता. डावा हात पुसून त्याने मला स्टूल दिलं.

मी म्हटलं, "भाऊ, ते शब्द मी लिहिले होते."

"माहीत हाय की. तुमी दाखवले व्हते मला."

"तुम्ही म्हणाला होतात की कळत नाही. मी ऐकलं नाही."

मी कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाचला, पूर्वीसारखाच, वरपासून खालपर्यंत. सहीपाशी थांबला.

"हे द्यायचं का वर?" मी म्हटलं. "मी येते तुमच्याबरोबर. मी सांगेन की निरीक्षकांशी खोटं बोलले."

त्याने कागदाची घडी घातली. एका हाताने घडी घालायला त्याला वेळ लागला, मी मदत करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"ताई, ह्यो कागद तवा आला आसता तर," तो म्हणाला. "आता मी लिहून दिलंय, चूक माझी म्हनून. हे भाईर आलं तर मी खोटं लिहून दिलं आसं व्हईल. मंग ही खुर्ची बी जाईल. पोरगी दहावीला हाय माझी."

"पण चूक तुमची नव्हती."

"नव्हती," तो म्हणाला. "ते मला म्हाईत हाय. तुमाला म्हाईत हाय. साहेबाला बी म्हाईत हाय." त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "घिऊन जा. मला परत दावू नका."

मी उठले. त्याने डबा पुढे ओढला आणि जेवायला लागला. आत जाताना मला वाटलं होतं की मी रडेन, पण रडू आलं नाही. टेबलाशी बसून मी त्या महिन्याचा हजेरीचा तक्ता पूर्ण केला.

मी नोकरी सोडली नाही. आणखी काही वर्षं तिथेच काम केलं. निरीक्षक येऊन गेल्यावर आठवड्याभराने साहेबांनी बाकीची स्क्रीन निळीच ठेवायला सांगितली, दुरुस्तीची एक ओळ तेवढी लाल राहिली. मुंबईच्या मॅडमनी एकदा फोन करून विचारलं की एवढी एक ओळ वेगळी का दिसते. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी कारण विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे स्क्रीनची भाषाच इंग्रजी झाली आणि माझ्याकडचं ते काम संपलं. शब्द निवडण्याचं काम पुन्हा कुणी दिलंही असतं तरी मी घेतलं नसतं, असं मी स्वतःला सांगते. खरं काय ते सांगता येत नाही.

गेटचं काम कंत्राटदाराकडे गेलं तेव्हा फिटरला निवृत्ती घ्यायला लावली. तो देवळ्याला भावाकडे गेला. निरोपाच्या दिवशी मी रजा काढली होती.

दोनेक वर्षांनी सटाण्याकडे एका लग्नाला गेले होते. परतताना देवळ्याला उतरले. पत्ता विचारत घर शोधलं. अंगणात कांद्याची प्रतवारी चालली होती, भाऊ, भावजय, बायको सगळे ओळीने बसले होते. तोही त्यांच्यात बसून डाव्या हाताने लहान कांदे बाजूला काढत होता. मला बघून उठला. केस बरेच पिकले होते.

"या ताई," म्हणाला, तसंच, गेटवर म्हणायचा तसं.

मुलगी चहा घेऊन आली. मोठी झाली होती, नाशिकला कॉलेजात जात होती, सुट्टीला आली होती. तिने विचारलं, "तुम्ही पप्पांच्या कंपनीतल्या का?"

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "ह्या ताई. आमच्या कंपनीचं समदं मराठी ह्याच लिहायच्या. लय शुद्ध लिहायच्या."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो टोमणा मारत होता असं मला वाटलं नाही. माफ करत होता असंही नाही. मुलीला पाहुणीची ओळख करून द्यायची म्हणून तो एक खरी गोष्ट सांगत होता. मुलगी कौतुकाने माझ्याकडे बघत राहिली. तिला काही सांगितलेलं नव्हतं.

चहा प्यायले. या वर्षी कांदा कसा आहे ते त्याच्या भावाने सांगितलं. साडेचारला नाशिकची गाडी होती. तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. माझी पिशवी त्याने डाव्या हातात घेतली आणि उजवा खिशात ठेवला. रस्ताभर आम्ही त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो. गाडी लागलेलीच होती. त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि वर चढेपर्यंत थांबला, मग वळून घराकडे गेला.